कागदपत्रे सुरक्षित आहेत

देवपूर, धुळे
४ ऑगस्ट २०२५

प्रिय कनीज,

सोबतचा चार पानी फॉर्म पाहून घाबरू नकोस. तुझ्याविरुद्ध तक्रार आलेली नाही. तू फक्त माझ्या ‘पुरवठा साखळीत’ आहेस. रावेरच्या शाळेत माझ्या डब्यातलं लोणचं संपवणारी कनीज आता माझी पुरवठादार आहे, कारण माझ्या प्रशिक्षणांच्या कापडी पिशव्या तू शिवतेस.

झालं असं. केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये जाऊन मी काय करते ते तुला माहीत आहे. हातमोजे आहेत का, प्यायचं पाणी आहे का, कोणी अठराच्या आतलं कामावर नाही ना, ते पाहून अहवाल लिहिते. हे काम मला जळगावची एक निर्यात कंपनी देते. तिच्या परदेशातल्या ग्राहकानं आता नवीनच काढलंय. नुसती पॅकिंग हाऊस तपासून भागणार नाही. तपासणाऱ्यांनीही लिहून द्यायचं, की आमच्या स्वतःच्या कामात आणि आम्हाला माल पुरवणाऱ्यांकडे ‘आधुनिक गुलामगिरी’ नाही.

माझं ऑफिस म्हणजे तीन टेबलं, कॉम्प्युटरवर बसणारा चंदन आणि सकाळी झाडून जाणारी मंदाबाई. चंदननं प्रश्न मोठ्यानं वाचले तेव्हा मंदाबाई झाडू थांबवून म्हणाली, “ताई, आपला आठे गुलाम कोन शे?” मी म्हटलं, “मीच.” तिघंही हसलो. मग मी दिवसभर चिडलेलीच राहिले. असले कागद मी पंधरा वर्षं दुसऱ्यांकडून भरून घेतले. माझ्यावर वेळ आली तर एवढा राग का यावा, ते कळत नाही.

प्रश्न चौदा आहेत, मराठीत करून पाठवलेत. तुझ्याकडच्या बायकांना वाचून दाखव, हो-नाही लिही आणि सही कर. तीस सप्टेंबरच्या आत हवा. दोनशे पिशव्यांची ऑर्डरही याच पत्रात समज.

लीलाधरला राखी वेगळ्या पाकिटातून पाठवलीय. काकांचा मुलगा असला तरी मला भाऊ म्हणून तोच. त्याचं पॅकिंग हाऊस तुझ्या गल्लीपासून दहा मिनिटांवर, आणि मी तिथं वर्षातून एकदा जाते, तेही अहवाल लिहायला.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या घरी फोन कोणाच्या हातात असतो हे मला कधीच कळलेलं नाही.

तुझी,
नूतन

*

रावेर
११ ऑगस्ट

नूतन,

सलाम. फोन लेकीच्या, माहेनूरच्या हातात असतो. तिची बारावी आहे आणि अभ्यास म्हणे सगळा फोनमध्येच आहे. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुझा फॉर्म वाचला. प्रश्न तीन: “कामाच्या जागेचे दार बाहेरून बंद केले जाते काय?” लिही, हो, बकरी आत शिरते म्हणून. प्रश्न पाच: “कामगारांना धमकावले जाते काय?” यावर माझा नवरा कय्युम मशीनला तेल घालता घालता म्हणाला, “मुझसे पूछो ना. बीस साल का तजुर्बा है.” माझी नणंद रुखसार इतकी हसली की तिची सुई मोडली. ती सुई तुझ्या नावावर.

इथवर मजा झाली. मग नववा प्रश्न वाचला. “कामगारांची ओळखपत्रे मालक अथवा मुकादम स्वतःच्या ताब्यात ठेवतो काय?” तशी रुमलीबाईच्या मशीनचा आवाज बंद झाला.

रुमलीबाई तुला माहीत नाही. यावलच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यावरची. दिवसभर तुझ्या लीलाधरभाऊंकडे केळीच्या फण्या धुते, राहते त्यांच्याच मागच्या शेडमध्ये, आणि संध्याकाळी दोन तास माझ्याकडे शिवायला येते. ती म्हणाली, “मन्हं कारड कपाटमा शे. पोरनंबी तठेच शे.”

तिची पोरगी ललिता गेल्या हंगामात तिथंच कामाला होती. लग्न होऊन पाड्यावर गेली, आधार कार्ड मात्र लीलाधरभाऊंच्या कपाटातच राहिलं. आता तिला सातवा महिना आहे. डॉक्टरनं सोनोग्राफी सांगितलीय आणि सोनोग्राफीवाले ओळखपत्र मागतात. रुमलीबाईनं दोनदा कार्ड मागितलं. मुकादम सुकदेव म्हणतो, हंगाम संपल्यावर.

पोटातलं मूल हंगामासाठी थांबत नाही हे तुला सांगायला नको. तुझा भाऊ आहे. एक फोन कर. दोन कार्डं, बास.

फॉर्म तोवर माझ्याकडेच ठेवते.

कनीज

*

देवपूर, धुळे
१९ ऑगस्ट

प्रिय कनीज,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाचून थोडा रागही आला. खोटं कशाला बोलू?

लीलाधरला मी लहानपणापासून ओळखते. मजुरांसाठी पंखे लावणारा तालुक्यातला पहिला तोच. कार्डं तो अडकवून ठेवत नाही, सांभाळून ठेवतो. शेडमध्ये पाणी गळतं, पत्र्याच्या पेट्यांत उंदीर शिरतात, बायका कार्ड भाजीच्या पिशवीत ठेवतात आणि मग हरवलं म्हणून रडतात. ती सोय आहे. माझ्या अहवालातही ती सोय म्हणूनच लिहिलेली आहे.

तरी तू म्हणालीस म्हणून फोन केला. तो म्हणाला, “ताई, कोणीही मागावं, लगेच देतो. चावी माझ्याकडेच आहे.” म्हणजे रुमलीबाईनं सुकदेवला विचारलं असेल, लीलाधरला नाही. ही माणसं मालकासमोर बोलायला घाबरतात आणि मग गैरसमज होतात. तिला सरळ त्याच्याकडे जाऊन मागायला सांग.

आणि एक विनंती. नवव्या प्रश्नापुढं ‘नाही’च लिही. तो प्रश्न तुझ्या शिलाईकामाबद्दल आहे, आणि तू कोणाचं कार्ड ठेवत नाहीस. लीलाधरचं नाव त्यात आणू नकोस. तो फॉर्म कुठं कुठं जातो, कोण वाचतो, मलाही माहीत नाही. कोणीतरी तिकडे बसून एका रेघेवर त्याचं काम बंद करील, आणि मग चाळीस माणसं घरी बसतील. त्यात तुझी रुमलीबाईसुद्धा असेल.

रागावू नकोस. कंपनीचे दिवसातून तीन फोन येतात. माझी झोप उडालीय.

नूतन

*

रावेर
२७ ऑगस्ट

नूतन,

गेलो होतो आम्ही. तू सांगितलंस तसं, सरळ मागायला. रुमलीबाई, मी, आणि सोबत असू दे म्हणून कय्युम.

फाटकाशी सुकदेव खुर्ची टाकून बसलेला. “काय वं रुमली, वकील आनली का?”

मी म्हटलं, “भाऊ, हिला दोन कार्डं पाहिजेत. हिचं आणि हिच्या मुलीचं.”

“मंग कोनं अडवलं तिले? जाय ना. गेट उघडं आहे.”

“गेट नको, कार्ड पाहिजे.”

“हंगाम झाला का भेटीन.”

“आणि आज पाहिजे असेल तर?”

“मंग आजच बोचकं बांधून जाय. पुन्हा इकडे फिरकू नको. आज हिले देल्लं का उद्या बठ्ठे मागतीन. अर्धे पाड्यावर पळतीन. केळी कोन धुवीन? तुमी?”

नूतन, गेट खरंच उघडं होतं. मी त्या उघड्या गेटाकडे बघत राहिले. कोणी कोणाला बांधलेलं नव्हतं. बायका तुरटीच्या पाण्यात हात घालून फण्या धूत होत्या, वर तुझे ते पंखे फिरत होते.

तेवढ्यात लीलाधरभाऊ आले. फार अदबीनं बोलले, चहा मागवला. म्हणाले, “कनीजताई, ही पद्धत मी काढलेली नाही. तुमच्या मैत्रिणीनंच सांगितलं, कपाट घे आणि कुलूप लाव. हे बघा.” आणि ड्रॉवरमधून तुझा अहवाल काढला. प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवलाय त्यांनी, सत्यनारायणाच्या पोथीसारखा. मी वाचला. “कामगारांची कागदपत्रे कुलूपबंद कपाटात सुरक्षित आहेत. चांगली पद्धत.” खाली तुझी सही.

“भाऊ, मग आता देता?” मी विचारलं. म्हणाले, “एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल. कंपनीची माणसं येणार आहेत, तोवर थांबा.”

चहा प्यायले नाही.  घरी आल्यावर रुमलीबाई मशीनवर बसली आणि तुझी पिशवी उलटी शिवली. तिनं असं कधी केलेलं नाही.

हा माणूस खोटं बोलत असेल तर मला लिही, मी जाऊन त्याच्या तोंडावर सांगते. खरं असेल तर लिहू नकोस. ये.

कनीज

*

देवपूर, धुळे
८ सप्टेंबर

प्रिय कनीज,

मी लिहिलं नाही, आले. म्हणजे उत्तर तुला त्याच दिवशी मिळालं. पण तुझ्या ओट्यावर बसून तुझ्या डोळ्यांकडे बघत जे सांगता आलं नाही, ते इथं लिहिते.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. लीलाधरच्या शेडमध्ये पाणी आलेलं. वय तपासायला मला प्रत्येकाचं कार्ड बघायचं होतं, आणि कोणाचं पेटीत, कोणाचं उशीत, कोणाचं ओलं होऊन चिकटलेलं. अर्धा दिवस गेला. माझी पाचची धुळ्याची बस होती. मी वैतागून म्हटलं, “भाऊ, एक कपाट आण रे. सगळ्यांची कार्डं एका जागी ठेव, कुलूप लाव. पुढच्या वेळी मला दहा मिनिटांत बघता आली पाहिजेत.” पुढच्या वर्षी खरंच दहा मिनिटांत झालं. मी खूश होऊन ‘चांगली पद्धत’ असं लिहिलं.

ज्यांची कार्डं होती त्यांना काय वाटतं, हे मी विचारलं नाही. अहवालात तसा रकानाच नव्हता. नाही कनीज, रकान्याचं कारण सांगू नये. मला बस गाठायची होती.

आता कपाटाचं. त्याच दुपारी आपण गेलो आणि लीलाधरनं ते उघडलं, तेव्हा तू बाहेर बायकांजवळ होतीस. आत बेचाळीस कार्डं निघाली, रबर लावून गठ्ठे केलेले. ललिताचं सोडून त्यातली चौदा अशांची, जी माणसं काम सोडून कधीच गेलीत. मी विचारलं, “ही परत का नाही दिलीस?” म्हणाला, “मागितलीच नाहीत कोणी.” रुमलीबाईनं तर दोनदा मागितलं होतं. मी तसं म्हटल्यावर तो माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलला, “ताई, कपाट तूच आणायला लावलंस. आता चोर मी का?”

मी गठ्ठे उचलले आणि बाहेर आले. 

मग मी एकेक नाव वाचलं, ते तू पाहिलंस. पण तू मागं उभी होतीस, म्हणून कदाचित तुला दिसलं नसेल. प्रत्येक बाई कार्ड घेण्याआधी हात लुगड्याला पुसत होती. दोन दोनदा. स्वतःचीच वस्तू घ्यायला.

रुमलीबाई दोन्ही कार्डं घेऊन संध्याकाळच्या यावल बसनं गेली, तिला सोनोग्राफीची तारीख मिळाली का, ते कळव. माझ्या मूर्खपणाचे तिचे किती दिवस गेले ते मी मोजलेत. तू आधी लिहिलंस त्या दिवसापासून तेवीस. त्यातले आठ मी तुला ‘सोय’ म्हणजे काय ते समजावण्यात घालवले.

कंपनीला कळवलं, की माझा अहवाल चुकीचा आहे, दुरुस्त करून पाठवते. तिथल्या हेमराज साहेबांचा लगेच फोन. “मॅडम, जुनं कशाला उकरता? फॉर्मात ‘नाही’ टाका, पुढच्या वर्षी सुधारणा दाखवू.” मी माझ्या स्वतःच्या फॉर्मवर नवव्या प्रश्नाखाली सगळं नीट लिहायला बसले, तर कॉम्प्युटरवरचा फॉर्म अक्षरच घेईना. फक्त हो किंवा नाही. चंदननं तीनदा प्रयत्न केला. त्या चौकोनात ना रुमलीबाई मावते, ना लीलाधर, ना माझी पाचची बस.

‘हो’ दाबलं.

नूतन

*

रावेर
२४ सप्टेंबर

नूतन,

आधी बातमी. सोनोग्राफी झाली. बाळ आडवं आहे. डॉक्टरनं सांगितलं, दिवस भरत येतील तेव्हा पाड्यावर राहायचं नाही, जळगावला न्यायचं. ललिताला खाली यावलला मावशीकडे आणून ठेवलीय. कळलं ते वेळेवर कळलं. तू आता तेवीस-बिवीस मोजत बसू नकोस.

वाईट बातमी पण आहे. रुमलीबाई पाच दिवसांनी परत आली तर तिच्या जागी दुसरी बाई. सुकदेव म्हणाला, “गेट उघडं होतं ना, गेली ना तू?” आता ती दिवसभर माझ्याकडे शिवते. तिथं मिळत होतं तेवढं काम मी देऊ शकत नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

आणि तू वाटून दिलेली कार्डं. सत्तावीस जणांना हातात दिलीस ना? त्यातली एकोणीस परत कपाटात गेली. कोणी हिसकावून घेतली नाहीत. सुकदेव एवढंच म्हणाला, की ज्याचं कार्ड आत, त्याला पुढच्या हंगामात आधी बोलावणार. बायकांनी आपणहून नेऊन दिली. रांग लावून.

मला इतका संताप आला की मी कय्युमवर ओरडले. तो बिचारा तुझ्या पिशव्यांच्या नाड्या ओवत होता. म्हणाला, “मेरा कार्ड तो तेरे ही संदूक में है.” बघ आता. मी संदूक उघडली, त्याचं कार्ड काढलं आणि त्याच्या खिशात कोंबलं. दुसऱ्या दिवशी खिशासकट धुतलं गेलं. तो अजून हसतोय.

त्या चौदा जणांच्या कार्डांचं काय केलंस?

कनीज

*

देवपूर, धुळे
२५ ऑक्टोबर

प्रिय कनीज,

महिनाभर लिहिलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं की लिहावं असं ठरवलं होतं, आणि रोज काहीतरी मोडतच गेलं.

चौदांपैकी नऊ कार्डं पोचती केली. प्रत्येक रविवारी यावलची बस, मग जीप, मग पायी. दोन पाड्यांवर लोकांनी मला सरकारी बाई समजून दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं सुनेचं कार्ड हातात घेतलं, फोटोकडे बघितलं आणि म्हणाला, “ही तर माहेरी गेली, नवीन कार्ड काढलं तिनं. चार चकरा झाल्या तालुक्याला.” रागावला नाही. पाणी दिलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

कंपनीनं मला यादीतून काढलं. कारण पत्रात लिहून दिलंय: “आपल्या घोषणेत प्रश्न नऊचे उत्तर ‘हो’ असल्याने.” कनीज, गुलामगिरी आढळली म्हणून कोणाला काढलं, तर जिनं सांगितलं तिला. लीलाधरकडे आता जळगावचे दुसरे तपासनीस जातात. कपाट तिथंच आहे. चंदनला कळलं, की त्यावर पाटी लावलीय: ‘कामगार सुविधा केंद्र’.

परवा भाऊबीज झाली. मी ओवाळायचं ताट करून ठेवलं होतं. दरवर्षी लीलाधर सकाळी दहाला येतो, केळीचा एक घड गाडीतून स्वतः उतरवतो. दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली. फोन केला नाही. त्यानंही केला नाही. संध्याकाळी मंदाबाई म्हणाली, “ताई, निरांजन इझी गयं.” मी ताट तसंच उचललं. मला भाऊही हवा होता आणि ती कार्डंही मोकळी व्हायला हवी होती. दोन्ही मागणं म्हणजे फार आहे का?

पण एक करतेय. आठ नोव्हेंबरला यावलला पॅकिंगवर काम करणाऱ्या बायकांसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवलंय, माझ्या स्वतःच्या नावानं. आपलं कार्ड आपल्याकडे, एवढाच विषय. किती येतील माहीत नाही. दोनशे पिशव्या मात्र हव्यात, ठरल्या होत्या तेवढ्याच.

आणि तो फॉर्म. तू कधी पाठवलाच नाहीस. आता त्याचा कोणालाच उपयोग नाही, कोणी मागणारही नाही. तरी भरून पाठव. मला हवाय.

ललिताचं कळव. दिवस भरले असतील.

नूतन

*

रावेर
३ नोव्हेंबर

नूतन,

ललिताला मुलगी झाली. जळगावला, ऑपरेशननं. दोघी बऱ्या आहेत. टाके सुकल्यावर सासरचे तिला पाड्यावर घेऊन गेले. रुमलीबाई ऑपरेशनला होती, पण बाळाला तिनं काचेतूनच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत आली. का, तर तुझ्या पिशव्या. “ताईले टाइमवर पाहिजेत,” म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं आलीस. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधी कबूल करते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी फॉर्म शोधून भरायला बसले. तेरा प्रश्न झाले. बकरीचंही खरं लिहिलंय. मग चौदावा आला. “तुमच्याकडे काम करणारी व्यक्ती, तिला वाटेल तेव्हा, काम सोडून जाऊ शकते काय?” मी ‘हो’ लिहिणार होते, पेन कागदाला टेकलंही. मग वाटलं, तूही तो अहवाल असाच लिहिला असशील. चांगल्या मनानं, घाईत.

म्हणून विचारलं. “रुमलीबाई, तुला आत्ता उठून जावंसं वाटलं तर तू जाऊ शकतेस का?”

तिला वाटलं मी रागावले. “काब्र? काय चुकनं?”

“काही चुकलं नाही. फॉर्ममध्ये विचारलंय.”

 मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिनं हातातल्या अर्ध्या पिशवीकडे पाहिलं. “हई?”

“राहू दे.”

“आनी परत उनू ते काम शे ना?”

“परत आलीस तरी काम आहे.”

तिनं दोरा तोडला नाही. सुई वर घेतली, मशीनवर फडकं टाकलं, पोलक्यात हात घालून कार्ड चाचपलं आणि चप्पल घातली. मला वाटलं नळावर गेली. अर्ध्या तासानं रुखसार म्हणाली, “भाभी, वो तो सच्ची में चली गई.” कय्युमनं तिला स्टँडवर पाहिलं, यावलच्या बसमध्ये, खिडकीशी. त्यानं हात केला तर तिनं तोंड फिरवलं. परत बोलावतील अशी भीती असेल.

आज सहा दिवस झाले. मी निरोप पाठवलेला नाही. तिकडे नातीला मांडीवर घेऊन बसली असेल. इकडे मी आणि रुखसार दिवे लागेपर्यंत शिवतोय आणि तिच्या नावानं चरफडतोय, तेही खरं.

पिशव्या पाठवतेय. एकशे एकोणनव्वद. अकरा कमी आहेत. त्यातली एक अर्धी शिवलेली तिच्या मशीनवर तशीच आहे, तिला मी हात लावलेला नाही.

फॉर्म सोबत आहे. चौदाव्या प्रश्नापुढं ‘हो’ लिहिलंय. तपासून लिहिलंय.

कनीज